खटला झाला नाही, याचं कारण वेगळं आहे

‘स्टेरॉइड घेतलं नाही असं शपथेवर सांगितलं, खोट्या साक्षीचा खटलाही झाला नाही, म्हणजे बेसबॉलपटू राफाएल पाल्मेरो खरंच बोलत होता’ असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. तारखा बघा. अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे समोर बोट रोखून ‘मी कधीही स्टेरॉइड घेतलेलं नाही’ असं त्यानं सांगितलं ते १७ मार्च २००५ ला. ज्या लघवीच्या नमुन्यात स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड सापडलं, तो घेतला होता मे महिन्यात. मेच्या नमुन्यावरून मार्चमधलं विधान खोटं ठरवणार कसं? म्हणून समितीनं नोव्हेंबरमध्ये विषय सोडून दिला. ही काही निर्दोषत्वाची पावती नव्हे.

आणि स्टॅनोझोलॉल म्हणजे १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये धावपटू बेन जॉन्सनचं सुवर्णपदक ज्यापायी गेलं तेच औषध. सहकाऱ्यानं दिलेल्या बी-१२ च्या इंजेक्शनातून ते अंगात गेलं असावं, हे पाल्मेरोचं म्हणणं. तो अजूनही त्यावर ठाम आहे. माझा मात्र विश्वास बसत नाही. जीवनसत्त्वाच्या कुपीत हे आपसूक येतं कुठून?

मला त्याची ती सहज, लयदार बॅटिंग फार आवडायची, म्हणून जास्तच लागतं. १५ जुलैला कारकिर्दीतला तीन हजारावा हिट (चेंडू टोलवून बेस गाठणं), १ ऑगस्टला दहा दिवसांची बंदी. परतल्यावर टोरांटोत लोक इतकी हुर्यो उडवत होते की तो कानांत बोळे घालून बॅटिंगला उभा राहिला. त्यानंतर लवकरच संघानं त्याला घरी पाठवलं, आणि मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, तो पुन्हा कधी खेळलाच नाही.