'हॉर्लिक्स' झाले म्हणून सुटका होते का?

धागालेखक: वाटसरू
इराक शस्त्रे कशी लपवतो याविषयी ब्रिटिश सरकारने फेब्रुवारी २००३ मध्ये पत्रकारांना जे टिपण दिले, त्यातला बराच मजकूर एका संशोधक विद्यार्थ्याच्या लेखातून, टंकनाच्या चुकांसकट आणि त्याचे नाव न सांगता उचललेला होता. जूनमध्ये संसदीय समितीपुढे परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी या प्रकाराला 'हॉर्लिक्स' म्हटले. आपल्याकडे मुलांना दुधातून देतात ते हे पेय तिकडच्या बोलीत एका अश्लील शब्दाच्या जागी येते आणि सगळा विचका झाला असे सुचवते. माझा आक्षेप असा, की असा शब्द कानी पडताच ऐकणारा हसतो आणि हे कोणी, कशासाठी केले हा प्रश्न बाजूला राहतो. 'कॉक-अप' (म्हणजे घोळ) या शब्दाचेही तेच; त्यात वेंधळेपणाची कबुली असते, हेतूची नसते.

जुना वाचक
अजिबात पटले नाही. मार्च २०१२ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे ब्रिटिश अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बॉर्न यांनी गरम पेस्टीवर २० टक्के कर सुचवला. पेस्टी म्हणजे आत मांस-बटाटा भरलेली, कष्टकऱ्यांच्या दुपारच्या जेवणातली करंजी. ती भोवतालच्या हवेपेक्षा गरम असेल तरच कर, असा नियम असल्याने हवामानावर कर ठरणार की काय, अशी थट्टा सुरू झाली. एप्रिलमध्ये विरोधी पक्षनेते एड मिलिबँड यांनी दूरचित्रवाणीवरील एका विनोदी मालिकेतला 'ऑम्निशॅम्बल्स', म्हणजे चहूबाजूंनी सावळा गोंधळ, हा शब्द सभागृहात वापरला आणि वर्षअखेरीस ऑक्सफर्डने त्याला ब्रिटनमधला वर्षाचा शब्द ठरवले. दहा पानी निषेधपत्राने हे झाले असते काय?

वाटसरू
कर मे महिन्यात मागे घेतला गेला तो बेकरीवाल्यांच्या आणि स्वपक्षीय खासदारांच्या दबावामुळे. शब्दाला फुकटचे श्रेय कशाला?

सायली
तुम्ही दोघेही शब्द कोणाच्या तोंडचा आहे हे पाहत नाही. मिलिबँड विरोधक होते, त्यामुळे त्यांचा शब्द थेट आरोप ठरला; स्ट्रॉ सरकारातलेच असल्याने त्यांचा शब्द सारवासारव वाटतो.

जुना वाचक
तेही अर्धेच खरे. ते टिपण परराष्ट्र खात्याने नव्हे, तर पंतप्रधान कार्यालयात तिथले प्रसिद्धीप्रमुख अ‍ॅलिस्टर कॅम्पबेल यांच्या हाताखालच्या मंडळींनी तयार केले होते. स्ट्रॉ यांनी सहकाऱ्यांच्याच कामाला नाव ठेवले, तेही समितीपुढे. सारवासारव करायची असती तर 'प्रक्रियात्मक त्रुटी' म्हणून ते मोकळे झाले असते.