तरुणांच्या मेंदूच्या चाचण्यांचे प्रमाण गुण कोकणात वेगळे काढावेत का?

बंदरकर (रत्नागिरी): ऐकलेले आकडे उलटे सांगा, मिनिटभर प्राण्यांची नावं घ्या, कागदावर विखुरलेले आकडे क्रमाने जोडा. अशा साध्या चाचण्यांत धडधाकट तरुणाला किती गुण पडतात, हे आपल्याच पोरांवर तपासून ठरवायला हवं. गोवा हायवेवर बाइक घसरून डोक्याला मार बसतो, पोरगा बरा होऊन घरी येतो, पण हिशेबात चुकतो, बोलताना अडखळतो. ताडून बघायचं कशाशी? बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये १६ ते ६५ वयाचे प्रमाण गुण दिले, तेही शिक्षण बघून. फार मोलाचं काम, पण आपला किनारा त्यात कुठे?

सावंतवाडीची मास्तरीण: माका पटणा नाय. प्रमाण ठरलं की त्याखालचं पोर ‘मठ्ठ’. वर्गात एकदा बसलेला शिक्का दहावीपर्यंत निघत नाही, हे मी रोज बघते. आणि स्मरण, लक्ष वगैरे झटपट तपासणाऱ्या ‘मोका’सारख्या ३० गुणांच्या चाचणीत निरोगी तरुण बहुतेक वरच्या टोकालाच असतात. त्यातून हाती काय लागणार?

बंदरकर: म्हणून तर नुसते गुण नकोत, आकडे जोडायला लागलेले सेकंद मोजायचे. तिथे तरुणांतला फरक दिसतो. आणि एकच सरासरी न देता कुठून कुठपर्यंत चालतं ते द्यायचं. मोकातही १२ वर्षं किंवा त्याहून कमी शिकलेल्याला एक गुण वाढवून देतात. मग आपण आपला फरक का धरू नये?

हर्णैवाला: मला दोघांचंही अर्धंच पटतं. भाच्याला प्राणी विचारले तर वाघ, बैल, म्हैस करून गप्प. मासे सांग म्हटलं, तर बांगडा, सुरमई, हलवा, सौंदाळा, कर्ली, मोरी, तारली... थांबेचना! आधी प्रश्न इथले करा. व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकात बुद्धी मोजायची बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवलीच होती ना? दुसरं, फक्त कॉलेजातली पोरं घेतलीत तर सगळं फुकट. बोटीवर जाणारे जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गावात असतात, तेव्हा जेटीवर या.

मास्तरीण: जेटीवर खुशाल घ्या. पण कागदावर नाव नको, आणि तो कागद शाळेत येता कामा नये. हे लेखी मिळेपर्यंत पालकसभेत मी ‘संमतीपत्रावर सही करू नका’ असंच सांगणार.