उत्तर: थॉमस आणि ब्लॅलॉक

‘ब्लॅलॉकसारखा गुरू भेटला म्हणून व्हिव्हियन थॉमस घडला’ हे एका प्रतिसादातलं वाक्य मला अर्धंच पटतं. (आल्फ्रेड ब्लॅलॉक हा अमेरिकन शल्यचिकित्सक, आणि थॉमस त्याचा प्रयोगशाळेतला सहाय्यक.) ब्लॅलॉकने त्याला शस्त्रक्रिया शिकवली, १९४१ मध्ये सोबत जॉन्स हॉपकिन्स या वैद्यकीय संस्थेत नेलं, आणि १९४४ मधल्या पहिल्या ‘ब्लू बेबी’ (हृदयातल्या जन्मजात दोषामुळे निळं पडणारं बाळ) ऑपरेशनच्या वेळी मागे स्टुलावर उभं करून त्याचा सल्ला घेतला, हे खरंच. पण मंदीत बँक बुडाल्यावर कॉलेजसाठी साठवलेले पैसे गेलेला हा कृष्णवर्णीय माणूस आधी व्हँडरबिल्ट विद्यापीठात प्रयोगशाळेचं काम करत असताना कागदोपत्री झाडूवाला होता, पगारही तसाच. डॉक्टर तो कधीच झाला नाही. १९७६ साली मानद पदवी मिळाली, तीही कायद्याची! (यावर हसावं की रडावं?)

त्या चर्चेत राहून गेलेली गोष्ट त्याच्या पुढच्या पिढीची आहे. हॉपकिन्सचे पहिले कृष्णवर्णीय हृदयशल्यचिकित्सा रेसिडेंट (प्रशिक्षण घेणारे डॉक्टर) लेव्हाय वॉटकिन्स यांना सल्ला द्यायला तिथे हाच थॉमस होता, शरीरात बसवायच्या डिफिब्रिलेटरच्या (हृदयाचे बिघडलेले ठोके विजेच्या झटक्याने पूर्ववत करणाऱ्या यंत्राच्या) कामातही त्याची मदत झाली. १९८० मध्ये माणसाच्या शरीरात असं पहिलं स्वयंचलित यंत्र वॉटकिन्सनीच बसवलं. ते हॉपकिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेश समितीवरही होते आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना स्वतः शोधून, पत्रं लिहून हॉपकिन्सला बोलावू लागले. ब्लॅलॉकने थॉमसला हाताचं कसब शिकवलं, पण असं दार कधी उघडून दिलं नाही. माझ्या लेखी मार्गदर्शक म्हणून वॉटकिन्स मोठे.