जिन्यातील दोन पोती, एक इरकल आणि हरवलेल्या टाचण्या

कुलकर्णी (ब-१०३), सकाळी ७.४२
सर्व सभासदांस नमस्कार. आज अकरावा दिवस आहे. ब विंगच्या जिन्यात, पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, चिंध्यांची दोन पोती तशीच पडून आहेत आणि त्यांपैकी एकावर काल मांजर झोपलेले मी स्वतः पाहिले. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे आपले इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले, आपण घरोघरी कचरा सहा प्रकारांत वेगळा करतो, आणि आमच्या दारापुढे मात्र सातवा प्रकार साठतो आहे. मुलांसाठी गोधड्या शिवण्यास माझा विरोध नाही, हे मी मागच्या वेळीही लिहिले होते. मागच्या वेळी त्यावर काय झाले, ते सर्वांच्या लक्षात आहेच.

वैद्यकाकू (अ-३०२), सकाळी ७.५८
कुलकर्णीभावजी, त्या चिंध्या नाहीत. ती कापडाची कातरणे आहेत आणि त्यांतूनच मागच्या गल्लीतील अंगणवाडीच्या बावीस मुलांसाठी गोधड्या होणार आहेत. क्लबहाऊसची किल्ली शनिवारशिवाय मिळत नाही, हा नियम कोणाच्या आग्रहावरून झाला, तेही सर्वांच्या लक्षात आहे.

चिटणीस (क-३०१), सकाळी ८.०५
आमच्या शिंप्याच्या दुकानात यांना कतरन म्हणतात. भांडण मराठीत असेल तरच चिंधी की कातरण हा प्रश्न उद्भवतो.

सचिव, सकाळी ८.११
या ग्रुपवर पूर्ण वाक्यांत आणि शुद्ध मराठीत लिहावे, असा ठराव गणेशोत्सवातील त्या प्रसंगानंतर सर्वानुमते झाला आहे. आतापर्यंत तो पाळला जात आहे, याबद्दल आभार.

गोखलेमावशी (अ-१०४), सकाळी ८.२०
गेल्या शनिवारी मी ६० टाचण्या मोजून दिल्या होत्या आणि संध्याकाळी ५८ परत आल्या. उरलेल्या दोन कोठे आहेत, हे कृपया कळवावे.

देशपांडेकाका (क-२०१), सकाळी ८.४७
मी तीस वर्षे कापड गिरणीत काढली असल्यामुळे दोन शब्द लिहितो. पोती हलवण्यापूर्वी त्यांतील माल निवडला पाहिजे, कारण शिंप्याकडून आलेल्या कातरणांत सुती किती आणि पॉलिएस्टर किती, हे नुसत्या नजरेने ओळखता येत नाही आणि हाताने चाचपून तर आजकाल माझ्यासारखाही फसतो. प्रत्येक तुकड्याचा एक धागा ओढावा, चिमट्यात धरावा आणि काडीपेटीने पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदासारखाच वास येतो आणि मागे राहणारी राख बोटांत चुरडते. पॉलिएस्टरचा धागा ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो आणि त्याचा कडक मणी होतो. राखही राहिली आणि मणीही लागला, तर कापड मिश्र समजावे. मुलांच्या अंगावरच्या पांघरुणात मणी होणारे कापड नको, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ते घाम शोषत नाही आणि शेगडीची ठिणगी पडलीच, तर वितळून कातडीला चिकटते. ही परीक्षा मी परवा पार्किंगमध्ये केली आणि पहिल्या पोत्यातील जवळजवळ अर्धा माल बाद ठरवला.

निमकर वहिनी (ब-२०२), सकाळी ९.०२
म्हणजे परवा आमच्या गाडीशेजारी धूर निघत होता, तो आपला होता. मी वॉचमनला उगाच बोलले.

देशपांडेकाका (क-२०१), सकाळी ९.०४
धूर नव्हता, परीक्षा होती. शेजारी पाण्याची बादली भरून ठेवली होती.

कुलकर्णी (ब-१०३), सकाळी ९.१०
अर्धा माल बाद झालेला असेल, तर एक पोते आजच सुक्या कचऱ्याच्या गाडीत देता येईल, एवढेच मला म्हणायचे आहे.

वैद्यकाकू (अ-३०२), सकाळी ९.२६
देशपांडेकाकांनी धाग्यांची माहिती दिली ते बरेच झाले, मात्र राहिलेले सुती तुकडे थेट कापायला घेऊ नयेत, हे मी तीन शनिवार सांगते आहे आणि तीनही शनिवार कोणीतरी उत्साहाने कात्री चालवते. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि जुने आटायचे तेवढे आधीच आटलेले असते. दोन्ही शेजारीशेजारी जोडली, तर पहिल्या धुण्यातच गोधडीला सुरकुत्या पडतात. म्हणून प्रत्येक नवा तुकडा रात्रभर भिजवावा, धुवावा, वाळवावा, इस्त्री करावी आणि मगच कापावा. लाल, मरून आणि गडद निळ्या तुकड्यांवर ओले पांढरे फडके घासून पाहावे आणि त्यावर रंग उतरला, तर तो तुकडा बाजूला ठेवावा. लहान मुले गोधडीचा कोपरा चोखतात.

चिटणीस (क-३०१), सकाळी ९.३१
आमच्या घरी अजूनही चोखतात. वय वर्षे अकरा.

मुळ्ये (अ-२०३), सकाळी ९.४०
रंग जाणाऱ्या तुकड्यांना मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो, असे माझी आई सांगत असे.

देशपांडेकाका (क-२०१), सकाळी ९.४४
आपल्या मातोश्रींविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो. तुरटी झाडापाल्याच्या रंगांना उपयोगी पडते, आणि तीही कापड रंगवताना. आजच्या बाजारी कापडाचा कच्चा रंग मिठाने किंवा तुरटीने पक्का होत नाही.

मुळ्ये (अ-२०३), सकाळी ९.४५
हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

गोखलेमावशी (अ-१०४), सकाळी १०.०२
टाचण्यांविषयी अद्याप कोणी लिहिलेले नाही. ६० दिल्या होत्या, ५८ परत आल्या.

निमकर वहिनी (ब-२०२), सकाळी १०.३०
मला हा विषय येथे काढायचा नव्हता, परंतु क्लबहाऊसच्या फळीवर मांडलेल्या चौकटींत मी काल आमच्या सासूबाईंची हिरवी इरकल पाहिली. ती नऊवारी त्यांच्या लग्नातील आहे. ती आमच्या कपाटातून क्लबहाऊसमध्ये कशी पोहोचली आणि तिला कात्री लावण्यापूर्वी आमच्या घरी एक फोन करावा, असे कोणालाच का वाटले नाही, याचे उत्तर मला हवे आहे.

वैद्यकाकू (अ-३०२), सकाळी १०.३८
वहिनी, साडी आम्ही कपाटातून आणलेली नाही. आपल्याच घरच्या बाईंनी ती पिशवीत घालून आणून दिली आणि आजींनी पाठवली आहे, असे सांगितले. दिलेल्या वस्तूची पावती करण्याची पद्धत आपल्या सोसायटीत फक्त देखभालखर्चापुरती आहे.

निमकर वहिनी (ब-२०२), सकाळी १०.४१
आमच्या घरात कोण काय देते, हे मला जाहीर ग्रुपवर कळावे, ही पद्धतही नवीनच आहे.

सचिव, सकाळी १०.४३
दोन्ही ताईंना नम्र विनंती आहे की, चर्चा गोधड्यांपुरती ठेवावी.

जाधव (क-१०२), सकाळी ११.१५
एक विचारायचे होते. आमच्या दीड महिन्याच्या बाळासाठी वैद्यकाकू एक लहान दुपटे शिवून देणार आहेत. रात्री गारठा दहा अंशांच्या खाली जातो आहे, तर ते बाळाला पांघरावे की दुहेरी करावे?

डॉ. आपटे (क-४०४), सकाळी ११.५०
दुहेरीही नको आणि पांघरायलाही नको. पहिल्या वर्षभरात झोपलेल्या बाळाजवळ गोधडी, दुलई, उशी किंवा मऊ खेळणी असे काहीही सैल ठेवू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे, कारण पांघरूण तोंडावर आले, तर एवढ्या लहान बाळाला ते बाजूला करता येत नाही. थंडीसाठी अंगात एक कपडा जास्त घालावा, पाय झाकावेत आणि बाळाला उताणे, सपाट व घट्ट गादीवर झोपवावे. काकूंचे दुपटे जमिनीवर पसरून जागेपणी, कोणी समोर बसलेले असताना, त्यावर बाळाला खेळवावे. अंगणवाडीतील मुले तीन वर्षांच्या पुढची असल्याने त्यांना गोधडी पांघरण्यास हरकत नाही. मात्र बटणे, टिकल्या, घुंगरू आणि लोंबणारे धागे नकोत. लोंबणारा धागा बोटाला गुंडाळला गेला, तर बोट सुजेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

मुळ्ये (अ-२०३), दुपारी १२.०४
आमच्या पिढीतील सगळी बाळे दुपट्यातच वाढली आणि कोणाला काही झाले नाही.

डॉ. आपटे (क-४०४), दुपारी १२.०९
ज्यांना झाले, ते या ग्रुपवर नाहीत.

वैद्यकाकू (अ-३०२), दुपारी १२.२५
मी दुपटे मऊ धोतराचे, दोनच थरांचे करते आणि ते अंथरण्यासाठीच देते. टिकल्यांचा निर्णय मी पहिल्या दिवशीच घेतला होता, तरी आरसे लावलेला एक तुकडा कोणीतरी हौसेने मध्यभागी जोडला आहे. तो आज उसवते.

जाधव (क-१०२), दुपारी १२.३१
आभारी आहोत. माझी आई बेळगावकडची आहे. तिने सांगितले की कारवारच्या जंगलपट्ट्यातील सिद्दी बायका गोधडी कडेपासून शिवत शिवत मध्यापर्यंत नेतात आणि चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांचे फुला बसवतात. फुला नसलेली गोधडी त्यांना उघडी वाटते. आपल्या गोधड्यांनाही तसे करता येईल का?

वैद्यकाकू (अ-३०२), दुपारी १२.४०
करता येईल आणि करायला आवडेल. घड्या धावदोऱ्याने घट्ट दाबून टाकल्या की मुलांना ओरबाडता येणार नाहीत. आईंना शनिवारी घेऊन यावे.

गोखलेमावशी (अ-१०४), दुपारी १.०५
फुला अवश्य बसवावेत. त्यापूर्वी दोन टाचण्या शोधाव्यात. ६० दिल्या होत्या, ५८ परत आल्या.

चिटणीस (क-३०१), दुपारी १.०८
मावशींच्या टाचण्यांसाठी वर्गणी काढावी, असा प्रस्ताव मी मांडतो. माझे एक रुपया.

गोखलेमावशी (अ-१०४), दुपारी १.१२
टाचणी विकत मिळते, हे मला ठाऊक आहे. ती मुलाच्या पाठीत शिरलेली कळायला वेळ लागतो, म्हणून मी सकाळपासून लिहिते आहे.

निमकर आजी (ब-२०२, नातवाच्या फोनवरून), दुपारी ३.२०
आजी सांगत आहेत आणि मी जसेच्या तसे लिहीत आहे. साडी मी स्वतः दिली. सूनबाईंना सांगितले नाही, ही माझी चूक. पण माझी तक्रार साडी का कापली ही नसून कशी कापली ही आहे. पोराच्या अंगाला लागते ती गोधडीची पाठ, आणि पाठ बिनजोड असावी लागते, कारण प्रत्येक जोडाखाली कापडाची कड येते व ती झोपलेल्या पोराला रुतते. म्हणूनच जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली साडी पाठीला घेतात आणि ठिगळांची हौस वरच्या अंगाला करतात. तुमची गोधडी छत्तीस इंच रुंद आणि पंचेचाळीस इंच लांब आहे, असे वैद्यबाईंच्या सुनेने मला सांगितले होते. इरकलीचा पन्हा पंचेचाळिसाच्या वर भरतो, म्हणजे तो पन्हा उभा धरला की एका गोधडीला दुमडीसकट चाळीस इंच पुरतात. रेशमी पदराचा एक वार सोडला, तर माझ्या साडीत सात मुलांची पाठ होती. तुम्ही पाच-पाच इंचांच्या चौकटी पाडल्या. चौकटींना शिंप्याकडची कातरणे होती की पोतेभर.

वैद्यकाकू (अ-३०२), दुपारी ३.३४
आजी, चूक माझी आहे. मी त्या दिवशी बँकेत गेले होते आणि परत आले तेव्हा दोन वार कापून झाले होते. त्याच्या १२६ चौकटी निघाल्या. एका गोधडीला ८० लागतात, आठच्या दहा ओळी, शिवणीत अर्धा इंच गेल्यावर प्रत्येक चौकट साडेचार इंचांची उरते. उरलेली साडी मी घडी करून माझ्या घरी ठेवली आहे. पदर काढला, तर सहा वार आहे.

निमकर आजी (ब-२०२, नातवाच्या फोनवरून), दुपारी ३.४१
म्हणजे अजून पाच पाठी निघतील. पदर सूनबाईंना द्या. आणि मधल्या थराला कापूस भरू नका. अंगणवाडीत गोधडी आठवड्याला धुवावी लागणार, कापसाचे गोळे होतील आणि ती दोन दिवस वाळणार नाही. मध्ये जुने धोतर घाला आणि धावदोऱ्याच्या ओळींत दोन बोटांहून जास्त अंतर ठेवू नका.

निमकर वहिनी (ब-२०२), दुपारी ३.५५
पदर मला नको आहे, असे मी कधीही म्हटलेले नाही. तो घ्यायला मी संध्याकाळी येते. आमच्या घरी दोन धोतरे आहेत, तीही आणते. या वेळी मी स्वतः आणते आहे, याची नोंद घ्यावी.

कुलकर्णी (ब-१०३), सायंकाळी ५.१८
माझ्याकडे जुन्या रेडिओच्या स्पीकरचे लोहचुंबक आहे. ते घेऊन मी क्लबहाऊसमध्ये गेलो होतो. सचिवांनी शनिवार नसताना किल्ली दिली, याचीही नोंद घ्यावी. शिवून झालेल्या चार गोधड्यांवरून दोन्ही बाजूंनी चुंबक हळूहळू फिरवले. तिसऱ्या गोधडीत, डाव्या कोपऱ्याजवळ, मधल्या थरात एक टाचणी मिळाली. वैद्यवहिनींनी माझ्यासमोर उसवून ती काढली.

गोखलेमावशी (अ-१०४), सायंकाळी ५.२१
५९.

वैद्यकाकू (अ-३०२), सायंकाळी ५.३०
भावजी, मनापासून आभार. दुसरी मिळेपर्यंत एकही गोधडी अंगणवाडीत जाणार नाही. यापुढे टाचण्या वापरायच्याच नाहीत, लांब टाक्यांचा कच्चा दोरा घालायचा आणि पक्की शिवण झाल्यावर तो ओढून काढायचा, असे मी ठरवले आहे.

चिटणीस (क-३०१), सायंकाळी ५.३६
मी माझा एक रुपया मागे घेतो आणि शनिवारी दोरा ओवायला येतो. सुईत दोरा ओवण्याइतपत माझे डोळे या ग्रुपवर सर्वांत तरुण आहेत.

कुलकर्णी (ब-१०३), सायंकाळी ५.५२
दुसरी टाचणी पोत्यांत असण्याची शक्यता मला नाकारता येत नाही. त्यामुळे आता पोती कचऱ्याच्या गाडीत देता येणार नाहीत, हे मला मान्य आहे. परंतु ती जिन्यातही ठेवता येणार नाहीत. रात्री जेवणानंतर मी ती माझ्या बाल्कनीत नेऊन तुकडा तुकडा पाहणार आहे. एक पोते जड आहे, कोणीतरी खाली यावे.

देशपांडेकाका (क-२०१), सायंकाळी ५.५५
मी येतो. सोबत काडीपेटी आणतो.

कुलकर्णी (ब-१०३), सायंकाळी ५.५६
काडीपेटी आणू नये.