नाणेघाट ते जुन्नर: वनस्पती आणि लेणी एकाच अभ्याससहलीत नीट पाहता येतील का?

वनवाट (प्रश्न)

नमस्कार. आमचा ठाणे परिसरातील वनस्पती-अभ्यासाचा एक छोटा गट आहे. यंदा आम्ही प्रथमच प्राचीन व्यापारी मार्गावर अभ्याससहल काढण्याचा विचार करत आहोत. सोपारा किंवा कल्याणपासून निघावे, नाणेघाट पायी चढावा, जुन्नरची लेणी पाहावीत, पुढे पैठण आणि तेरपर्यंत जावे आणि वाटेत त्या त्या भागातील वनस्पतींची ओळख करून घ्यावी, अशी मूळ कल्पना आहे. गटात साधारण पंचवीस जण असून त्यांपैकी पाच-सहा जण साठीच्या पुढचे आहेत.

एका सहल-आयोजकाने पाठवलेल्या आराखड्यात चार दिवसांत ही सर्व ठिकाणे बसवली आहेत. सकाळी एक वनस्पतितज्ज्ञ झाडांची माहिती देतील आणि दुपारी इतिहासाचे मार्गदर्शक लेणी दाखवतील, अशी विभागणी त्यात आहे. कागदावर हे व्यवस्थित दिसते, तरी दोन वेगळ्या सहली एका गाडीत कोंबल्यासारखे होईल की काय, अशी शंका मनात आहे. या मार्गावर वनस्पती आणि संस्कृती यांचा परस्परसंबंध खरोखर दाखवता येतो का? येत असेल, तर कोणत्या ऋतूत आणि कोणत्या टप्प्यावर? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शिलालेखवाचक

आपली शंका रास्त आहे. सकाळ झाडांना आणि दुपार लेण्यांना दिली, तर हाती दोन अर्धवट सहली येतील. या मार्गावरील लेखांतच झाडे आहेत आणि या मार्गावरून गेलेल्या मालात वनस्पतींचा वाटा मोठा आहे. तेव्हा दोन्ही विषय एकाच जागी उभे राहून समजून घेता येतात. त्यासाठी मार्गदर्शकांनी आधी एकत्र बसून तयारी करायला हवी.

काही उदाहरणे देतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. भरुकच्छ म्हणजे आजचे भरूच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे आपले सोपारे येथे त्याने प्रवाशांसाठी निवारे बांधले, दमणा आणि डाहणुका यांसारख्या नद्यांवर लोकांना विनामूल्य पार जाता यावे म्हणून नावांची सोय केली, असे तो लेख सांगतो. त्याच लेखात नानंगोल नावाच्या गावातील नारळीच्या बत्तीस हजार झाडांच्या दानाचाही उल्लेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी या किनारपट्टीवर नारळाची लागवड किती मोठी असावी, याचा इतका बोलका पुरावा दुसरीकडे सहज मिळत नाही. नाशिक आपल्या वाटेवर नाही, तरी सोपाऱ्यात एखाद्या नारळीच्या वाडीत उभे राहून हा लेख वाचून दाखवता येईल आणि तो तिथेच सर्वांत जास्त भिडेल.

जुन्नरच्या लेखांतही निवर्तन या मापाने मोजलेली शेतजमीन दान दिल्याच्या नोंदी आहेत आणि त्यांत करंज व वड या झाडांची नावे येतात. ही जमीन करंजांच्या लागवडीसाठी दिली, असे एक वाचन आहे. करंजाजवळची जमीन, असेही त्याचे वाचन करता येते. यातला निर्णय अभ्यासकांवर सोपवला तरी करंजाच्या सावलीत हा लेख वाचताना वनस्पतितज्ज्ञ करंजाच्या तेलाविषयी बोलू लागतील आणि इतिहासाचे मार्गदर्शक श्रेणींविषयी, म्हणजे व्यापारी-कारागिरांच्या संघांविषयी, तेव्हा आपली सहल आपोआप एक होईल. जुन्नरला धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याचा लेख आहे. यवन, म्हणजे त्या काळच्या अर्थाने ग्रीक समजल्या जाणाऱ्या, दात्यांची नावे शिवनेरीच्या आणि मानमोडीच्या लेण्यांत आहेत. त्यांपैकी एकाने भोजनमंडप दिला, दुसऱ्याने पाण्याची टाकी दिली.

नाणेघाटाच्या लेण्याला किमान दोन तास द्यावेत. इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा सातवाहन राणी नागनिकेचा लेख डाव्या-उजव्या भिंतींवर आहे. लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत असलेल्या या लेखात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांच्या दक्षिणा नोंदवल्या आहेत. या संख्या अंकांत कोरलेल्या असल्यामुळे भारतीय अंकांच्या इतिहासातही या लेखाला मोठे स्थान आहे. मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी यांच्यासह राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांची नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. घाटातील एका टाक्याचा दाता सोपाऱ्याचा गोविंददास होता, ही नोंद मला राजलेखाइतकीच मोलाची वाटते, कारण बंदरातला माणूस घाटमाथ्यावर पाण्याची सोय करतो, यातून या वाटेचा उपयोग कळतो. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे सर्वत्र सांगितले जाते. ती परंपरा म्हणून जरूर सांगावी. तेथील लेखात मात्र जकातीचा उल्लेख नाही, हेही सोबत सांगावे.

पैठण आणि तेर मात्र या सहलीतून वगळावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून तगर म्हणजे तेर पूर्वेला दहा दिवसांच्या अंतरावर असल्याचे सांगितले आहे. ते अंतर एका दिवसाच्या बसप्रवासात उरकले, तर तेरचा विटांचा चैत्य (बौद्ध प्रार्थनागृह) आणि तेथील संग्रहालय यांतले काहीच लक्षात राहणार नाही. त्यासाठी हिवाळ्यात स्वतंत्र सहल काढावी.

रानहळद

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. वनस्पतींच्या बाजूने थोडी भर घालते.

या मार्गावर दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात: मार्गावर वाढणाऱ्या वनस्पती आणि मार्गावरून वाहिल्या गेलेल्या वनस्पती. सहलींमध्ये यांची सर्रास गल्लत होते. नाणेघाटातून मिऱ्यांच्या गोण्या जात असत, असे ठासून सांगितले जाते. प्रत्यक्षात रोमन जगाला मिऱ्यांचा मोठा पुरवठा मलबारच्या किनाऱ्यावरील मुझिरिससारख्या बंदरांतून होत होता. पेरिप्लसमध्ये भरुकच्छ बंदरातून निर्यात होणारा माल दिला आहे. त्यात जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ, पिंपळी आणि नाना प्रकारचे सुती कापड आहे. यांतील जटामांसी आणि कोष्ठ हिमालयातील, तर गुग्गुळ कोरड्या पश्चिम भारतातील आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगरहून कापड येत असे. म्हणजे देशावरच्या मार्गाची खरी वनस्पती शोधायची, तर ती कापूस आहे, असे मला वाटते. वाळवलेली जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ आणि पिंपळी काष्ठौषधींच्या दुकानातून थोडी थोडी आणावी आणि लेण्याच्या बाहेर बसून प्रत्येकाला हातात घेऊन वास घेऊ द्यावा. हे तासाभराच्या व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगी पडते.

आता मार्गावरच्या वनस्पती. कोकणातून वैशाखरेच्या बाजूने चढताना पायथ्याशी साग, ऐन, कुडा अशी पानझडी रानाची झाडे भेटतात आणि माथ्याकडे जाताना हिरडा, जांभूळ, अंजनी, कारवी दिसू लागतात. उंची, पाऊस आणि माती यांप्रमाणे झाडोरा कसा बदलतो, हे एकाच चढणीत पाहता येते. म्हणून हा टप्पा वाहनाने ओलांडू नये. सवयीचा माणूस दोन-अडीच तासांत चढून जातो. झाडे पाहत चढायचे तर सबंध सकाळ द्यावी.

एक अभ्यास मी आवर्जून सुचवेन. चढताना प्रत्येकाने नागनिकेच्या काळात इथे नसलेल्या वनस्पतींची यादी करावी. घाणेरी, रानमोडी, फड्या निवडुंग आणि गावाजवळची सीताफळे, मका, मिरची ही सारी अमेरिका खंडातून गेल्या काही शतकांत आलेली आहेत. देवळांच्या आणि लेण्यांच्या आवारात शोभणारा, अगदी पुरातन वाटणारा पांढरा खुरचाफाही त्यांतलाच आहे. ही यादी हाती आली की समोरचा डोंगर दोन हजार वर्षांपूर्वी कसा दिसत असेल, याचा विचार आपोआप सुरू होतो.

ऋतूविषयी: सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ निवडावा. सोनकी आणि तेरडा बहरात असतात, ओल्या कातळावर गेंद आणि सीतेची आसवं सापडतात, आणि पावसाचा जोर ओसरल्यामुळे लेणी शांतपणे पाहता येतात. जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टीच्या दिवशी नाणेघाटात धबधब्यासाठी एवढी गर्दी उसळते की लेण्यासमोर उभे राहणेही कठीण होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात, तो पर्याय दुसरा.

शिवनेरीविषयी थोडे जास्त लिहिते. शिंदळ माकुडी ही कातळाच्या फटीत वाढणारी मांसल वनस्पती याच डोंगरावरून प्रथम नोंदवली गेली आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी 1865 साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करताना तिला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचे नाव दिले. काही अभ्यासक आज तिला बुसेरोशिया या प्रजातीत समाविष्ट करतात. ती फक्त महाराष्ट्रात, मोजक्याच ठिकाणी आढळते आणि धोक्यात आलेल्या वनस्पतींत तिची गणना होते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिला तारामाशासारखी, गडद तांबडी, पिवळसर ठिपक्यांची फुले येतात. ज्या किल्ल्यावर आपण शिवजन्मस्थान म्हणून नतमस्तक होतो आणि ज्याच्या कड्यात यवनांनी दान दिलेली लेणी आहेत, त्याच कड्याने ही वनस्पतीही जपली आहे. तिच्यासाठी कड्यावर उतरण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. दिसली तर दुर्बिणीतून पाहावी, छायाचित्रासोबत नेमके ठिकाण जाहीर करू नये आणि फांदी तर मुळीच तोडू नये. ही अट सहलीच्या अर्जातच लिहावी.

पश्चिमपट्टा

मी जुन्नरच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यातला आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांत एक गोष्ट राहिली आहे, ती हिरड्याची. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या डोंगराळ भागात हिरडा हे आजही रोख उत्पन्नाचे साधन आहे. कोवळी फळे उन्हाळ्यात झाडावरून उतरवून वाळवतात, तो बाळहिरडा. औषधासाठी आणि कातडी कमावण्यासाठी हिरड्याचा व्यापार होतो. जुन्या व्यापारी मार्गावरचा वनस्पतींचा व्यापार पाहायचा असेल, तर तो भूतकाळातच शोधण्याची गरज नाही.

ऑक्टोबरमध्ये आपण आलात, तर हिरड्याचा हंगाम नसेल. तेव्हा काढणी करून दाखवा, असा आग्रह धरू नये. त्याऐवजी घाटघर परिसरातील एखाद्या जाणत्या महादेव कोळी आजी-आजोबांना संध्याकाळी गटाशी बोलण्याची विनंती करावी आणि इतर तज्ज्ञांना जसे मानधन देता, तसे त्यांनाही द्यावे. आमच्याकडे रानभाज्या, औषधी मुळ्या आणि देवराईचे नियम हे सारे तोंडी आहे. ते ऐकताना ध्वनिमुद्रण करायचे असेल, तर आधी परवानगी घ्यावी. औषधी वनस्पतींची ठिकाणे विचारू नयेत. घाटघरमध्ये घरगुती जेवणाची सोय होते. आधी कळवल्यास नाचणीची भाकरी आणि हंगामातील रानभाजी मिळेल.

लेण्यांत आग्या मोहोळ असतात, याची सर्वांना आधीच कल्पना द्यावी. अत्तर लावू नये, धूर करू नये आणि मोठ्याने हाका मारू नयेत.

वनवाट

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. पैठण आणि तेर वगळण्याचा निर्णय आम्ही घेतला आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तीन दिवसांची सहल ठरवत आहोत: पहिल्या दिवशी सोपारा आणि मुक्कामाला घाटाचा पायथा, दुसऱ्या दिवशी नाणेघाट आणि घाटघरचा मुक्काम, तिसऱ्या दिवशी जुन्नर. आयोजकांना हिरड्याविषयीची संध्याकाळ आणि मानधन यांची तरतूद करण्यास सांगितले आहे. दोन शंका उरतात. जुन्नरच्या एका दिवसात कोणती लेणी निवडावीत? आणि ज्येष्ठ सदस्यांना चढण जमणार नसेल, तर त्यांनी नाणेघाटाला मुकावे का?

शिलालेखवाचक

जुन्नरच्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक कोरीव दालने आहेत, त्यामुळे निवड करावीच लागेल. सकाळी तुळजा लेणी पाहावीत. तेथील बारा अष्टकोनी खांबांचे वर्तुळाकार चैत्यगृह फारच दुर्मीळ आहे. त्यानंतर शिवनेरी. लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनामुळे गर्दी असते आणि पायऱ्याही पुष्कळ आहेत, तेव्हा ज्यांना जमेल त्यांनी संध्याकाळी जावे. मानमोडी पुढच्या सहलीसाठी ठेवावी. तेथील चढ निसरडा आहे आणि नहपानाचा अमात्य अयम याचा लेख घाईत वाचण्याजोगा नाही.

ज्येष्ठांनी मुकण्याचे कारण नाही. जुन्नरहून घाटघरमार्गे नाणेघाटाच्या माथ्याजवळ वाहन जाते. चढणारा गट वैशाखऱ्याहून निघेल तेव्हा ज्येष्ठांचे वाहन माळशेज घाटाने वर पाठवावे. लेणे माथ्यापासून थोडेच खाली, कोकणाच्या बाजूला आहे; खिंडीतील दगडी फरसबंदीवरून काठीच्या आधाराने, कोणाला तरी सोबत घेऊन सावकाश उतरता येते. दोन्ही गट लेण्यापाशी एकत्र यावेत आणि लेखवाचन तेव्हाच सुरू करावे. डब्यांची सोय ज्येष्ठांच्या वाहनात ठेवली, तर चढणाऱ्यांचे ओझेही हलके होईल.

रानहळद

पंचवीस जणांना एकाच मार्गदर्शकामागे चालवू नये, एवढीच एक भर. पायवाट अरुंद आहे. पुढच्यांना ऐकू येते ते मागच्यांना येत नाही, आणि मागे राहिलेले लोक नीट दिसावे म्हणून वाट सोडून कातळावर चढतात, तेव्हा सीतेची आसवं पायाखाली जातात. आठ-आठ जणांचे तीन गट करून त्यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे आणि प्रत्येक गटात स्थानिक वाटाड्या असावा.