१४ वर्षे जुनी ई-क्लास, १,७२,००० किलोमीटर: मोठी सर्व्हिस कोणत्या क्रमाने करावी?

दादरचा_रहिवासी

नमस्कार. वडिलांनी ऑगस्ट २०१२ मध्ये घेतलेली मर्सिडीज ई २५० सीडीआय गेल्या दिवाळीपासून माझ्या हाती आली आहे. मीटरवर १,७२,००० किलोमीटर झाले आहेत. पहिली आठ वर्षे सर्व्हिस कंपनीच्या वर्कशॉपमध्ये झाली आणि तिची बिले वडिलांनी फायलीत तारखेनुसार लावून ठेवली आहेत. त्यानंतरची कामे ओळखीच्या एका गॅरेजमध्ये झाली, आणि त्यांची नोंद म्हणून ‘ऑइल, फिल्टर, जनरल चेकअप’ एवढेच लिहिलेल्या चार चिठ्ठ्या सापडतात. गाडी रोज शिवाजी पार्क ते अंधेरी जाते-येते आणि वर्षातून तीन-चार वेळा रत्नागिरीला जाते. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना किंचित थरथर जाणवते आणि दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना कधीकधी हलका धक्का बसतो, एवढीच तक्रार आहे.

पावसाळ्याआधी मोठी सर्व्हिस उरकावी म्हणून एका वर्कशॉपकडून एस्टिमेट मागवले, तर ते ४ लाख ६० हजारांचे आले. त्यात टायमिंग चेन (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारी साखळी), वॉटर पंप, थर्मोस्टॅट, इंजिन व गिअरबॉक्सचे माउंट (ते ज्यावर टेकतात त्या रबरी बैठका), पुढच्या सस्पेन्शनचे सर्व आर्म (चाक गाडीला जोडणारे दांडे), गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू होताना आतून तापवणारे) आणि दोन्ही बॅटऱ्या असे सारे एकत्र धरले असून, एकट्या चेनचाच खर्च निम्म्याच्या आसपास आहे. गाडी विकण्याचा विचार नाही, कारण ती वडिलांची आहे. तरीही काय आता करावेच लागेल, काय पुढे ढकलता येईल, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये १५ वर्षे पूर्ण होत असताना या खर्चाला अर्थ आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रॅम्पखालचा_माणूस

नमस्कार. तुमच्या एस्टिमेटमध्ये दोन वेगळ्या प्रकारची कामे एकाच यादीत बसवली आहेत. ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) ही कामे वेळ झाली की करायची असतात, मग गाडी कितीही छान चालत असो. चेन, माउंट, आर्म, ग्लो प्लग यांना ठरलेली मुदत नसते. ते तपासून, मोजून, खराब निघाले तरच बदलायचे असतात. म्हणून आधी फक्त तपासणीचे पैसे देऊन गाडी रॅम्पवर चढवा, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारे यंत्र) लावा, आणि यादी नंतर करा.

चेनपासून सुरुवात करतो, कारण तुमची निम्मी रक्कम तिथेच आहे. या चार सिलिंडरच्या ओएम ६५१ इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि ती नेहमीप्रमाणे पुढे नसून गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. (पादचाऱ्याला धडक बसल्यास इजा कमी व्हावी म्हणून बॉनेट खाली ठेवायचे होते, त्यासाठी ही रचना केली गेली. कल्पना सुंदर आहे, पण तिचा भुर्दंड चौदा वर्षांनी मालकाला पडतो.) चेन तिच्या गाइडसह (तिला जागेवर धरणाऱ्या पट्ट्यांसह) पूर्ण बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून लेबर इतके जास्त येते. मात्र बेल्टसारखी ‘इतक्या किलोमीटरला बदला’ अशी तिची मुदत नाही. गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी बॉनेट उघडून सुरू करा आणि पहिल्या काही सेकंदांत मागच्या बाजूने, म्हणजे काचेच्या दिशेने, साखळी खडखडल्यासारखा आवाज येतो का ते ऐका. आवाज येत असेल तर चेन किती ताणली आहे हे मोजून लेखी मागा. आवाज नसेल आणि माप ठीक असेल तर ते सव्वादोन लाख आज तरी घरातच राहू द्या.

चेनचे आयुष्य मुख्यतः इंजिन ऑइलवर अवलंबून असते, आणि इथे मुंबईचा हिशेब वेगळा आहे. कंपनी सांगते १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. ताशी सरासरी ६० च्या वेगाने १५,००० किलोमीटर कापायला इंजिन २५० तास चालते. सायन किंवा कलानगरच्या गर्दीत सरासरी १८ पडली तर तेच अंतर ८३३ तासांचे होते. मीटर सारखाच फिरतो, ऑइल मात्र तिपटीहून अधिक वेळ राबते. तुमच्या ट्रिप कॉम्प्युटरमध्ये सरासरी वेग दिसतो, तो पाहा. २५ च्या खाली असेल तर ऑइल ७,५०० किलोमीटरला बदला, आणि डब्यावर मर्सिडीजचा २२९.५१ किंवा २२९.५२ हा मंजुरी क्रमांक छापलेला आहे ना, हे स्वतः वाचा.

सकाळची थरथर माउंटची असेल किंवा इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची. स्कॅनरवर चारही इंजेक्टरचे करेक्शन, म्हणजे प्रत्येकाच्या डिझेलच्या मात्रेत कॉम्प्युटर किती फेरफार करतो ते, दिसते. एखादा इतरांपेक्षा फार वेगळा दाखवत असेल तर माउंट बदलूनही थरथर तशीच राहील. स्कॅनरवर बिघाडाचा कोड नसताना ग्लो प्लगला हात लावू देऊ नका. चौदा वर्षे हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) रुतून बसलेला प्लग थंड इंजिनातून पिळून काढताना तुटतो, आणि मग काही हजारांच्या कामासाठी हेड उतरवायची वेळ येते.

कूलंटच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका. वॉटर पंपाखाली पांढरट-निळसर सुकलेले डाग आहेत का, होज पाइप दाबल्यावर फुगीर आणि मऊ लागतात का, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टोकांना ओल आहे का, हे पाहून जे थोडेही संशयास्पद असेल ते आत्ताच बदला. आर्मचा बुश (सांध्यातले रबर) फाटला तर गाडी टकटक करत घरी येते. कूलंट गेले आणि चालक तसाच पुढे गेला तर हेड वाकते. क्रम ठरवताना मी हीच कसोटी लावतो.

पार्ल्याची_जुनी_गाडी

वरील उत्तराशी सहमत आहे. गिअरबॉक्सबद्दल माझा अनुभव लिहितो, कारण माझ्याही गाडीत हाच सात गिअरचा बॉक्स आहे आणि मलाही तसाच धक्का जाणवत होता.

मी एका गॅरेजमध्ये गिअर ऑइल बदलून घेतले, बिल दिले, आणि दोन महिन्यांत धक्का परत आला. दुसऱ्या मिस्त्रीने पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचे ऑइलचे भांडे) उघडला तेव्हा आत जुनाच फिल्टर होता आणि पॅनमधल्या चुंबकावर काळ्या बारीक चुऱ्याचा लोण्यासारखा थर बसलेला होता. पहिल्या ठिकाणी फक्त खालचा नट उघडून निघेल तेवढे ऑइल काढून नवे ओतले होते. तेव्हापासून मी पॅन उघडताना समोर उभा राहतो आणि जुना फिल्टर पिशवीत घालून घरी आणतो. बायको याला वेड म्हणते, पण त्या पिशवीमुळे माझे पुढचे वाद वाचले आहेत.

तुम्ही तीन गोष्टींकडे लक्ष द्या. या बॉक्ससाठी २३६.१४ आणि २३६.१५ या मंजुरी क्रमांकांची दोन वेगळी ऑइल आहेत आणि त्यांची सरमिसळ चालत नाही. आपल्या गाडीला कोणते लागते हे चॅसिस क्रमांकावरून काढून घ्यावे. ऑइलची पातळी अंदाजाने नव्हे, तर स्कॅनरवर ऑइलचे तापमान साधारण ४५ अंश असताना ठरवायची असते. आणि पॅन काढल्यावरही जवळपास निम्मे ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या, ऑइलने भरलेल्या भागात) व आतल्या मार्गांत राहते, म्हणून ज्या गाडीची नोंद सापडत नाही तिच्यात काही हजार किलोमीटरनंतर हेच काम पुन्हा एकदा करणे योग्य. एवढे करून अ‍ॅडॅप्टेशन रीसेट (बॉक्सने शिकलेल्या जुन्या सवयी पुसणे) केल्यावर धक्का गेला तर ठीक. नाही गेला, तरच पुढच्या दुरुस्तीचा विचार करावा.

रत्नागिरीला जाता म्हणून ब्रेक ऑइलविषयीही सांगतो. ते हवेतला ओलावा शोषते आणि आपल्याकडे ओलाव्याला तोटा नाही. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पाणी शोषल्यानंतरची किमान मर्यादा १५५ आहे. घाट उतरताना हा फरक ब्रेकच्या पेडलवर कळतो. दर दोन वर्षांनी बदलायचे हे काम स्वस्त आहे, आणि तुमच्या चिठ्ठ्यांत त्याचा उल्लेखच नाही.

टेबलावरची_फाइल

कागदपत्रांपुरते लिहितो. मुंबईत डिझेल गाडीला दिल्लीसारखी १० वर्षांची मर्यादा नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, आरटीओत गाडी दाखवून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते, आणि महाराष्ट्रात त्या वेळी पर्यावरण कर भरावा लागतो. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. म्हणजे तुमच्या बाबतीत पुढचा जून. दिवे, टायर, ब्रेक, धूर आणि पत्र्याचा गंज या गोष्टी तिथे पाहिल्या जातात, तेव्हा टायर आणि पत्र्याचे काम आत्ता न करता पुढच्या मे महिन्यात ठेवलेत तर त्याचा दुहेरी उपयोग होईल. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे मात्र आजच वाचा. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष.

दादरचा_रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी कुर्ल्याच्या सीएसटी रोडजवळच्या एका गॅरेजमध्ये केवळ तपासणीसाठी गाडी नेली आणि दोन तास तिच्याखाली वाकून उभा राहिलो. सरासरी वेग १८ निघाला, अगदी वर लिहिला होता तेवढाच. चेनचा आवाज नाही. इंजेक्टरचे करेक्शन चारही जवळजवळ सारखे आहे, पण उजव्या माउंटमधून तेल झिरपून ते बसले आहे, म्हणजे थरथर तिथली. वॉटर पंपाखाली तो सुकलेला डाग आहे. पुढच्या आर्मपैकी दोनच बुश फाटलेत, बाकीचे घट्ट आहेत. बॅटऱ्या लोड टेस्टमध्ये पास झाल्या.

जे कोणीच लिहिले नव्हते ते मिस्त्रीने दाखवले. वायपरखालची जाळी काढली तर खालच्या खाचेत आमच्या इमारतीसमोरच्या पर्जन्यवृक्षाच्या पानांचा ओंजळभर काळा चिखल साचलेला होता आणि पाणी जायचे छिद्र पूर्ण बुजले होते. त्यात त्याने बाटलीभर पाणी ओतले, ते तिथेच तळ्यासारखे उभे राहिले. मागच्या पावसात पायाखालचा गालिचा ओला का व्हायचा, याचे उत्तर मिळाले.

आता मे महिन्यात वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होज व कूलंट, दोन्ही इंजिन माउंट, फिल्टरसह गिअर ऑइल आणि ब्रेक ऑइल करतो आहे. दोन आर्म दिवाळीनंतर. हे सारे मिळून १ लाख ४० हजारांच्या आत बसते.

रॅम्पखालचा_माणूस

आर्म दिवाळीपर्यंत थांबवू नका, कारण फाटक्या बुशमुळे चाकांची अलाइनमेंट सरकते आणि टायर आतून खाल्ले जातात. आर्म मेमध्येच घ्या, हवे तर माउंट नंतर करा. थरथर सहन होते. आणि ती वायपरखालची जाळी पुन्हा बसवण्याआधी सनरूफच्या चारही कोपऱ्यांतल्या नळ्यांतही थोडे थोडे पाणी सोडून ते चाकांजवळ खाली पडते आहे ना, एवढे पाहून घ्या.