बॉस आणि असिस्टंटची प्रेमकथा (दोघेही पुरुष, बडोदा): साहेब खडूस हवा, नकोसा नको

दांडियाबाजार_लेखन
समलिंगी प्रेमकथा लिहितोय. २४ भाग, दर भाग साधारण दीड हजार शब्दांचा. मकरपुरा जीआयडीसीतला (औद्योगिक वसाहतीतला) ट्रान्सफॉर्मरचा कारखाना. सरपोतदार, वय ३९, प्लांट हेड. ओंकार, वय २७, त्याचा असिस्टंट. दोघेही बडोद्याचे मराठी. पहिले पाच भाग वाचलेल्यांचं म्हणणं एकच: साहेब इतका वाईट वागतो, तर ओंकार त्याच्या प्रेमात पडेलच कशाला? साहेबाला मवाळ केलं तर पात्रातला जीवच जातो. शिवाय तीन शंका आहेत. जवळीक कितव्या भागात यावी? ओंकारने पॉश समितीकडे (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी) तक्रार करायची धमकी देणं पटेल का? आणि सातव्या भागात ऑफिस पार्टीत दोघे पिऊन मोकळे होतात असं योजलंय, ते चालेल का?

शाईचा_डाग
खडूसपणा आणि अपमान वेगळे करा. दुसऱ्या भागात साहेब ओंकारच्या कपड्यांवरून चारचौघांत बोलतो, ते काढूनच टाका. कामावरून झापलेलं वाचक माफ करतो, माणसाला लागेल असं बोललेलं शेवटपर्यंत लक्षात ठेवतो.

साहेबाचा हट्ट कामात दिसू द्या, आणि त्यात तो बरोबर असू द्या. समजा ओंकार टेस्ट रिपोर्ट टाइप करून नेतो. साहेब वाइंडिंग रेझिस्टन्सच्या (तारेच्या वेटोळ्यांच्या रोधाच्या) रकान्याभोवती पेन्सिलीने गोल करतो आणि कागद परत सरकवतो. बोलत काहीच नाही. ओंकार आकडे ताडतो, स्पेलिंग बघतो, काही सापडत नाही. राहिलंय ते मोजणीच्या वेळचं तेलाचं तापमान. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे तापमान नसेल तर तो आकडा ७५ अंशांना आणून तुलना करता येत नाही, आणि इन्स्पेक्शनला आलेला ग्राहक तिथेच माल अडवू शकतो. संध्याकाळी ओंकार टेस्टिंगला जाऊन लॉगबुकातून नोंद शोधून आणतो. साहेब सही करतो. शाबासकी नको. या एका प्रसंगात साहेबाचा त्रास का सोसावासा वाटतो ते कळतं, आणि ओंकार नुसता सोसणारा नाही हेही कळतं.

दुसरं म्हणजे ओंकारच्या हातातली ताकद वापरा. कॅलेंडर त्याच्याकडे, फोन त्याच्याकडे, कोणती फाइल वर आणि कोणती खाली तेही तोच ठरवतो. पहिल्या आठ भागांत त्याने निदान दोनदा साहेबाला ठाम ‘नाही’ म्हणावं. बोर्ड मीटिंगची नोटीस किमान ७ दिवस आधी जावी लागते. साहेब तिच्यासोबत जायचे प्लांटचे आकडे दाबून बसलाय, तर ओंकार सांगतो, आज सहाला जे असेल ते जाईल. आणि सहाला पाठवतो.

विश्वामित्री_काठ
पार्टीचा प्रसंग इथे टिकणार नाही. गुजरातेत दारूबंदी. कंपनीच्या पार्टीत सगळे उघड पिताहेत असं लिहिलंत, तर इथला वाचक पुढे वाचणारच नाही. गरबा किंवा उत्तरायणाची गच्ची सुचेल, पण तिथे गर्दी असते, दोघांना एकांत मिळत नाही.

माझं मत पुराच्या बाजूने. ऑगस्ट २०२४ घ्या. विश्वामित्री पात्राबाहेर गेली; समा, फतेहगंज, अकोटा, मुजमहुडा पाण्यात; वीज नाही, मगरी वस्तीत आलेल्या. साहेबाचं घर मुजमहुड्याला तळमजल्यावर ठेवा आणि ओंकारची खोली मकरपुऱ्याकडे दुसऱ्या मजल्यावर. साहेब कारखान्यातून निघाला, घरी पोचू शकत नाही, फोनची बॅटरी संपत आलेली. पहिल्यांदाच तो ओंकारच्या दारात उभा आहे, आणि सगळं ओंकारचं: पाणी, मेणबत्ती, कोरडा शर्ट. त्या रात्री काही घडवू नका. खरा प्रसंग पाणी ओसरल्यावरचा. चिखल काढायला घाई करू नये, आधी विम्यासाठी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट फोटो काढावे लागतात, आणि हे साहेबाला ओंकार सांगतो. फ्रीज उताणा, गाद्या रस्त्यावर, वडिलांच्या हातच्या वह्या भिजून फुगलेल्या. साहेब त्यातलं एकेक पान सुटं करत बसलेला दिसू द्या.

आता कायदा. २०१३ चा पॉश कायदा फक्त महिलांच्या तक्रारीसाठी आहे. ओंकारला त्याखाली अंतर्गत समितीकडे जाता येत नाही. कंपनीचं स्वतःचं धोरण सर्व लिंगांसाठी असेल तरच वाट आहे, आणि तसं असेल तर ते आधीच्या एखाद्या भागात, रुजू होतानाच्या कागदांत, दाखवून ठेवा. तसंच कोणी ‘पोलिसांत देईन’ म्हणून ब्लॅकमेल करतो असंही लिहू नका. दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७ (समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं कलम) लागू होत नाही असा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा, आणि दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. भीती दाखवायची तर आईला कळण्याची, बढती अडकण्याची, घरमालकाची दाखवा.

पेन्सिलटोक
जवळीक १४ व्या भागाआधी नको, आणि त्याआधी ओंकारची बदली झालेली हवी. एप्रिलमध्ये त्याचं अप्रेझल भरणारा माणूस त्याचा प्रियकर असेल, तर ओंकारचा होकार किती मोकळा हे वाचकाला कळणारच नाही. साहेब कितीही भला असो. आणि विचारावं ओंकारनेच. साहेबाने आधी विचारलं तर नकाराची किंमत ओंकारच्या पगारात निघते.

काही जण म्हणतील, बदलीने ताण जातो. उलट वाढतो, पण ती फुकट मिळता कामा नये. ओंकार एक्सपोर्ट डॉक्युमेंट्सला जातो, जिथे बिल ऑफ लेडिंगवरचा (जहाजावर माल चढल्याच्या कागदावरचा) एखादा तपशील एलसीशी, म्हणजे बँकेच्या हमीपत्राशी, जुळला नाही तर बँक पैसे अडवू शकते. त्याच्या टेबलावर नवा मुलगा बसतो. साहेब सवयीने बेल वाजवतो आणि दुसराच आत येतो. इथे घाई करू नका, पूर्ण भाग द्या.

बदली मागायला एचआरला कारण लागतं, आणि खरं कारण सांगणं म्हणजे दोघांचं गुपित फोडणं. बडोद्यातल्या मराठी लोकांत एचआरवाल्या बाईंची मावशी साहेबाच्या आईच्या भजनी मंडळात निघायची. हाच तुमचा मुख्य पेच, बाहेरचा खलनायक लागत नाही. आणखी एक: दोन पुरुष एका फ्लॅटमध्ये राहिले तर शेजारी ‘रूम पार्टनर’ म्हणून सोडून देतात. भुवया उंचावतात त्या ३९ वर्षांच्या प्लांट हेडला रूम पार्टनर लागतोच कशाला म्हणून. पगारातली दरी लपवता येत नाही, ती वापरा.

दांडियाबाजार_लेखन
पार्टी गेली, पूर आला. कपड्यांचा प्रसंगही काढतो. आता शेवट. लग्न नाही, हे पक्कं. सुखान्त कशावर उभा करू?

विश्वामित्री_काठ
कागदांवर. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा हक्क दिला नाही. पण २८ ऑगस्ट २०२४ ला अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. तारीख तुमच्या पुराच्याच आठवड्यातली, ती सोडू नका.

पीएफचं वेगळं. आई साहेबावर अवलंबून असेल तर ती ‘कुटुंब’ धरली जाते, आणि कुटुंब असताना बाहेरच्याचं नामनिर्देशन टिकत नाही. म्हणजे पीएफ आईचा, बँक ओंकारची.

शाईचा_डाग
आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. पैसे त्याच्या हाती येतात, पण वारस मागू शकतात. साहेबासारखा माणूस ही फट ठेवणार नाही, तो मृत्युपत्र करेल. साधा कागद चालतो, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार लागतात. साक्षीदारांनी मजकूर वाचायची गरज नसते, सही होताना पाहून स्वतःची सही केली की झालं. त्यामुळे दोघांनी ठरवायचं ते इतकंच: साक्षीला कोणाला बोलवायचं, आणि कागद त्यांच्यासमोर उघडा ठेवायचा की घडी घालून. एक साक्षीदार तो टेबलावरचा नवा मुलगा करा. दुसरी आई.